मास्तरांची घरची हजामत

मास्तरांना त्या रविवारी केस कापायचे होते, पण सलूनमध्ये जायचं नव्हतं.

सलून त्यांच्याच इमारतीच्या खाली होतं, जिना उतरला की डाव्या हाताला. एकतीस वर्षं मास्तरांचं डोकं त्या एकाच माणसाच्या ताब्यात होतं. त्याच्या हाताबद्दल त्यांची काडीचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती तोंडाबद्दल. गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं की कात्री चालवता चालवता तो अगदी सहज विचारायचा, "काय मग, विशेष काय?" आणि माणूस बोलून जायचा. चष्मा काढलेला, मान खाली घातलेली, मानेवर वस्तरा, अशा अवस्थेत भलेभले बोलतात. दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमनने नोकरी सोडायचं ठरवलंय, ही बातमी त्याच्या बायकोच्या आधी अख्ख्या गल्लीला कळली ती इथूनच. आणि खुद्द मास्तरांचा मुलगा लग्न करणार आहे हे मास्तरांना कळलं तेही याच खुर्चीत, तोंडाला फेस लावलेला असताना.

आणि या खेपेला मास्तरांच्या पोटात एक गोष्ट होती. ती त्यांनी मुलाला सांगितली नव्हती, सुनेला सांगितली नव्हती. एकटे असतानासुद्धा तिचा उच्चार केला नव्हता. गोष्ट एवढीच, की रविवारी दुपारी चार वाजता ते एका बाईंना भेटायला जाणार होते.

बाई वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधायच्या. मास्तर रोज सकाळी तिथे पेपर वाचायला जात. हिवाळ्यातल्या एका सकाळी बाई कोपऱ्यातल्या टेबलावर एका जाडजूड पुस्तकाची पानं शिवत होत्या, आणि मास्तरांना तो दोरा बघवेना. पेपराचं एक पान झालं, दुसरं झालं, शेवटी ते उठलेच.

"माफ करा हं बाई, पण हा दोरा टिकायचा नाही. मेण लावलेलं दिसत नाही याला."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"शिवणकाम करायचो. चव्वेचाळीस वर्षं केलं."

"मग तुम्ही शर्टांचं बघा. पुस्तकांचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मेणाची एक वडी आणि जाड सुती दोऱ्याचं एक रीळ त्या टेबलावर ठेवलं, आणि चकार शब्द न काढता जागेवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी बाई लांबूनच म्हणाल्या, "बरा आहे दोरा." चौथ्या दिवसापासून पेपर वाचायचा राहून जायला लागला. असे चार महिने गेले. आणि परवा गुरुवारी, पुस्तकाच्या पाठीला खळ लावता लावता, बाई म्हणाल्या, "रविवारी वाचनालय बंद असतं. बागेतल्या तळ्यावर होड्या भाड्याने मिळतात म्हणे. मी कधी बसलेली नाही."

"मीही नाही," मास्तर म्हणाले.

"मग चार वाजता," बाई म्हणाल्या, आणि ब्रश धुवायला निघून गेल्या.

मास्तरांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत रविवारचे चार वाजले कधी आणि गेले कधी, याकडे त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. गुरुवारपासून मात्र त्यांना दुसरं काही सुचेना. करडी पँट त्यांनी दोनदा इस्त्री केली. शर्टाची कॉलर उसवून उलटी करून पुन्हा शिवली. राहिले केस. पांढरेशुभ्र, दाट, कुरळे केस. या वयात असे कुणाचे नव्हते आणि याची मास्तरांना पुरेपूर जाणीव होती. पण सहा आठवड्यांत ते कानांवर आले होते आणि मानेवर त्यांचं झुडूप झालं होतं. सलूनच्या खुर्चीत बसावं तर "काय मग, विशेष काय?" एवढं ऐकताच आपण घडाघडा सगळं ओकून टाकू, याची त्यांना खात्री होती. संध्याकाळपर्यंत गल्लीतली कुत्रीसुद्धा आपल्याकडे पाहून हसतील.

म्हणून घरीच उरकायचं ठरलं.

मुलाचं दाढी-केसांचं मशीन बाथरूमच्या कपाटात असायचं. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवायचा. शुक्रवारी गेलेला तो रविवारी संध्याकाळी परतणार होता. सून शहराच्या मोठ्या बागेत माळीकाम करायची. रविवारी तिची एक वाजेपर्यंत ड्यूटी. म्हणजे सकाळभर घर रिकामं. मास्तरांनी दहा वाजता बाथरूममध्ये स्टूल ठेवलं, खाली जुने पेपर पसरले, खांद्यांवर टॉवेल घेतला आणि मशीन हातात घेतलं. त्याला लावायचे प्लास्टिकचे कंगवे डबीत होते, लहान-मोठे, नंबर घातलेले. जितका नंबर मोठा, तितके केस लांब राहणार. मास्तरांनी सगळ्यात मोठा कंगवा बसवला. चव्वेचाळीस वर्षांचा शिरस्ता होता तो: कापड आधी जास्त सोडायचं, मग हळूहळू उतरवायचं.

डावी बाजू झकास झाली. उजवी तिच्याहून झकास. पेपरावर पांढरे पुंजके पडत होते आणि आरशातला चेहरा पाच-सात वर्षांनी तरुण झाला होता. मास्तर शीळ घालायला लागले. वाटलं, हे असं इतकं सोपं असतं आणि आपण एकतीस वर्षं त्या माणसापुढे मान वाकवत आलो! कंगव्यात केस अडकले तसा त्यांनी तो काढला, बेसिनच्या कडेवर आपटला, फुंकर मारली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, काय करताय?" मुलगा कुठल्यातरी बस स्टँडवरून बोलत होता.

"काही नाही! काही म्हणजे काही नाही," मास्तर म्हणाले.

"बरं. औषध घेतलंत?"

"घेतलं. तू गाडी सावकाश चालव." फोन ठेवला तेव्हा त्यांना चोरी करताना पकडल्यासारखा घाम आला होता. ते घाईघाईने स्टुलावर येऊन बसले, मशीन सुरू केलं, मानेवर टेकवलं आणि सरळ टाळूपर्यंत नेलं.

मशीनचा आवाज या वेळी वेगळा आला. आणि मागून एकदम गार लागलं.

मास्तरांनी खाली पाहिलं. पेपरावर सशाच्या शेपटीएवढा पुंजका पडला होता. मग त्यांनी बेसिनकडे पाहिलं. तिथे, कडेवर, कंगवा निवांत पडला होता.

त्यांनी हात मागे नेला. बोटांना नुसते खरखरीत खुंट लागले.

छोटा आरसा मागे धरून त्यांनी मोठ्या आरशात पाहिलं. दाट रानातून बैलगाडीची वाट जावी तसा मानेपासून टाळूपर्यंत तीन बोटं रुंद रस्ता गेला होता. तिथेच हात आवरता घेतला असता तर बरं झालं असतं. पण कारागिराला चूक दिसली की हात शिवशिवतात. रस्त्याच्या कडा जरा मऊ कराव्यात म्हणून त्यांनी कंगवा लावला आणि पुन्हा मागे हात घातला. दोन आरशांत उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं झालेलं. हात इकडे न्यावा तर तो तिकडे जाई. कंगवाही नीट बसला नव्हता. मध्येच तो टणकन फरशीवर पडला, आणि मशीन आडवं निसटलं. आता रस्त्याला उजवीकडे एक फाटा फुटला.

नेमकं तेव्हाच बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. बूट काढल्याचा आवाज आला. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"बाबा?" सुनेचा आवाज. "पंप बिघडला, पाणीच नाही बागेत. सोडलं आम्हाला लवकर. तुम्ही आत आहात?"

"अंघोळ!" मास्तर ओरडले.

"पाण्याचा आवाज येत नाही, बाबा. भुंग्याचा येतोय."

मास्तरांनी मशीन बंद केलं.

या सुनेचं आणि त्यांचं सात वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. खरं सांगायचं तर वाजण्याइतकं ते बोलतच नसत. "चहा ठेवू?" "ठेव." "लाइट घालवू?" "घालव." ती सकाळी सहाला जायची, हे नऊला वाचनालयात. दोघांनाही एकमेकांबद्दल आदर होता आणि आदरापुढे काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. अशा सुनेसमोर डोक्यात रस्ता आणि रस्त्याला फाटा घेऊन कसं जायचं? टॉवेल डोक्याला गुंडाळून बाहेर पडता येईल. पण चार वाजता टॉवेल गुंडाळून होडीत बसता येणार नव्हतं. मास्तरांनी कडी काढली.

"सूनबाई," ते म्हणाले, "जरा एक बघशील का?" आणि पाठ फिरवली.

मागून नाकातून एक बारीकसा सूर निघाला, तो दाबला गेला, पुन्हा निघाला, आणि सून दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. सात वर्षांत मास्तरांनी तिला इतकं हसताना ऐकलं नव्हतं. आधी त्यांना राग आला. मग तिने डोळे पुसत "माफ करा, बाबा, माफ करा, तो फाटा..." एवढं म्हटलं आणि ती पुन्हा हसायला लागली. तेव्हा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही, आणि ते स्वतःच खुदखुदायला लागले.

"बुजवता येईल का?" त्यांनी विचारलं.

सून उठली. त्यांच्या डोक्याभोवती तिने एक चक्कर मारली. डोळे बारीक केले. बागेत ती असंच करत असणार, मास्तरांना वाटलं.

"कुंपणाला असं भगदाड पडलं ना, बाबा, की ते बुजत नाही. मग आम्ही बाकीचं सगळं त्याच्या बरोबरीला आणतो."

"म्हणजे टक्कल?"

"टक्कल नाही. हिरवळ. म्हणजे, पांढरी हिरवळ. चला गॅलरीत, इथे उजेड नाही."

गॅलरीत ऊन होतं. सुनेने पेपर अंथरले, मास्तरांना खुर्चीवर बसवलं, मशीनच्या पात्यातले केस ब्रशने झाडले. सगळ्यात छोटा कंगवा बसवून तो नीट बसलाय की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मग तिने हात वर उचलला आणि थांबली.

"एक मिनिट हं." तिने अंगातलं जॅकेट काढून कठड्यावर टाकलं. गडद हिरवं, जाड कापडाचं जॅकेट. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मास्तरांनीच शिवलेलं.

"उकडतंय?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. म्हणजे... हो, उकडतंय."

"खरं सांग."

सून म्हणाली, "याच्यात हात वर होत नाही, बाबा."

मास्तर खुर्चीत अर्धे वळले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

"आणि तू कुंपणं छाटतेस! झाडांवर चढतेस!"

"तिथे गेले की काढून ठेवते. येताना घालते. तुम्ही खिडकीत असता ना."

मास्तरांनी शिवलेलं ते जॅकेट सात वर्षं कुणी तरी रोज गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून अंगात चढवत होतं, केवळ त्यांना वाईट वाटू नये म्हणून. "अगं पण बोलायचं नाहीस का?"

"तुम्हाला? चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव तुमचा. मला वाटलं, माझेच हात चुकीच्या जागी आहेत."

यावर मास्तर जे हसले ते थांबेनात. "हलू नका," सून म्हणाली, "नाहीतर अजून एक फाटा निघेल," आणि तीही हसायला लागली, आणि मशीन दोन मिनिटं हवेतच घुर्र घुर्र करत राहिलं.

मग काम सुरू झालं. तिचा हात सराईत होता, न डगमगणारा. मास्तर आपले मधूनच सूचना द्यायचे. "कापड ओढू नकोस." "उलट्या अंगाने घे." "आधी कडा, मग मधलं." ती "हो बाबा" म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. "कान दुमडा," ती म्हणाली, आणि वाट न पाहता तिनेच दोन बोटांनी त्यांचा कान दुमडून धरला. मास्तर पुढची सूचना विसरले. आपला कान असा हक्काने कुणी धरला त्याला किती वर्षं झाली, याचा ते हिशेब करायला लागले आणि मग त्यांनी तो सोडून दिला. ऊन मानेवर छान लागत होतं.

"आता तुम्ही सांगा," सून मागून म्हणाली. "कुणासाठी?"

"कुणासाठी काय? उन्हाळा आलाय."

"करडी पँट दोनदा इस्त्री झालीय, बाबा. उन्हाळ्यासाठी?"

सलूनवाला बरा, त्याला निदान विचारायला एक प्रश्न लागतो. हिने तीन दिवस काही न विचारता सगळं वाचून ठेवलं होतं. मास्तरांनी सांगून टाकलं. दोऱ्यापासून सुरुवात केली, मेण, पुस्तकं, गुरुवार, सगळं. तिच्याकडे पाठ होती म्हणून सांगता आलं. शेवटी म्हणाले, "चार वाजता. तळ्यावर. होडीत बसणार आहोत."

मशीन थांबलं.

"आमच्या तळ्यावर?"

"म्हणजे?"

"बाबा, त्या बागेत अठरा जणं कामाला आहेत. अठराच्या अठरा मला ओळखतात आणि तुम्हालाही. तुम्ही डबा घेऊन आला होता ना, तेव्हापासून."

इतके दिवस सलूनवाल्यापासून लपायची तयारी केली आणि भेटीला जागा निवडली ती सुनेच्या कामाची! अर्थात निवडली बाईंनी होती. पण मास्तरांना तरी कुठे सुचलं होतं?

"मग आता?"

सून समोर आली. तिने त्यांच्या हनुवटीला धरून डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते पाहायला मास्तर घाबरत होते. मग त्यांना दिसलं, ती अगदी खुशीत होती.

"मग आता काही नाही. दोन नंबरची होडी घेऊ नका, तिच्यात पाणी येतं. आणि ह्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

तिने आरसा त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी पाहिलं. कुरळं वैभव पेपरावर पडलं होतं. आरशात एक वेगळाच म्हातारा होता: डोकं गोल, घाटदार, वर पांढरी लव, कान जरा बाहेर, डोळे मोठे. वाईट नव्हता. बोट फिरवलं तर एकीकडून मऊ आणि दुसरीकडून खरखरीत लागत होतं, चांगल्या मखमलीसारखं. रस्ता गेला होता, फाटाही गेला होता.

"टोपी घालू का?"

"मुळीच नाही," सून म्हणाली. "एवढं काम केलंय मी."

जेवण झाल्यावर मास्तरांनी तिला टेप काढायला लावली आणि तिला हात वर करायला सांगून बगलेचं माप घेतलं. दोन्ही बगलांत एकेक चौकोनी तुकडा घातला की भागेल, कापड शिल्लक आहे, असं जाहीर केलं. मग साडेतीनला ते निघाले.

सलूनवाला पायरीवरच बसला होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. मास्तरांना पाहून तो उभा राहिला, बसला आणि पुन्हा उभा राहिला.

"मास्तर! दवाखान्यात होतात की काय?"

"ठणठणीत आहे मी."

सलूनवाल्याने त्यांच्याभोवती चक्कर मारली. दुखावला गेला होता बिचारा, ते दिसतच होतं. पण शेवटी तोही कारागीरच. मानेपाशी तो वाकला, कडेवरून अंगठा फिरवला. "हात चांगला आहे," तो नाइलाजाने म्हणाला. "रेषा सरळ आहे. कुणी केलं?"

खोटं बोलायची मास्तरांना सवय नव्हती. "बागेत एक बाई असतात," ते म्हणाले. "कुंपणं छाटतात. त्यांनी."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा सलूनवाल्याला पुढचा प्रश्न सुचला नाही, आणि तो सुचायच्या आत मास्तर कोपऱ्यावरून वळलेही. मग मात्र त्याने वेळ घालवला नाही. पाच वाजेपर्यंत बातमी पोस्टमनच्या बायकोपर्यंत पोचली होती. तिने जिन्यात सुनेला गाठून हळूच विचारलं, "काय गं, तुमच्या बागेत कोण आहे ती? मास्तरांचं काही तरी जुळतंय म्हणे तिच्याशी." सून म्हणाली, "आहे एक. स्वभावाने बरी आहे."

तळ्याकाठच्या बाकावर बाई आधीच येऊन बसल्या होत्या. निळा कोट, मांडीवर पर्स, नजर मोठ्या फाटकाकडे. मास्तर मागच्या फाटकाने आले, तेही अठरा जणांना चुकवायचं म्हणून. ते येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बाईंनी जेमतेम त्यांच्याकडे पाहिलं.

"बसा हवं तर," त्या म्हणाल्या. "पण माझ्याबरोबरचे आले की उठावं लागेल तुम्हाला."

आयुष्यात मास्तरांनी कधी चावटपणा केला नव्हता. आज कुठून अंगात आला देव जाणे. आवाज जरा घोगरा करून ते म्हणाले, "कसे दिसतात?"

"दिसतीलच. उंच आहेत. दाट पांढरे केस. लांबूनच ओळखू येतात." बाई फाटकाकडेच बघत होत्या. "आगाऊ आहेत जरा. ओळख ना पाळख, माझ्या दोऱ्याला नावं ठेवली."

"मग कशाला बोलावलंत?"

"दोऱ्याबद्दल बरोबर बोलत होते ना," बाई म्हणाल्या. "आणि दुसऱ्या दिवशी मेण आणून ठेवलं, पण तोंड वर करून सांगितलं नाही की बघा, मीच खरा. अशी माणसं कमी असतात." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "वेळेवर येतील असं वाटलं होतं."

"आलो होतो वेळेवर," मास्तर आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. "मेण अजून आहे का, की संपलं?"

बाई वळल्या. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पाहिलं. "अरे देवा!" त्या म्हणाल्या. "अहो, पुस्तक कुठे गेलं? नुसता पुठ्ठाच आलाय!" आणि मग त्यांना असं हसू फुटलं की पर्स खाली पडली, पर्समधलं सगळं गवतावर सांडलं, आणि दोघं गुडघ्यांवर बसून किल्ल्या, रुमाल आणि सुयांची डबी गोळा करायला लागले. तिथेच, गवतावर, मास्तरांनी त्यांना सकाळपासूनचं सगळं सांगितलं. काही हातचं राखलं नाही. रस्ता सांगितला, फाटा सांगितला.

"हात लावून बघू?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी मान पुढे केली. बाईंनी तळहात मागून पुढे नेला, मग पुढून मागे.

"सुलट-उलट आहे याला," त्या म्हणाल्या.

"मखमलीला असतं," मास्तर म्हणाले.

होडी त्यांना पाच नंबरची मिळाली. पाणी येत नव्हतं, पण वल्हवता दोघांनाही येत नव्हतं. मास्तर उजवं वल्हं ओढत, बाई डावं ढकलत, आणि होडी जागच्या जागी गिरक्या घेई. पहिली गिरकी कुणाच्या लक्षात आली नाही. दुसऱ्या गिरकीला काठावर फावडं घेतलेला एक माळी थांबला. तिसरीला तिघे झाले. पंप नुकताच दुरुस्त झाला होता आणि दुपारच्या पाळीची मंडळी कामावर आली होती.

"मास्तर! दोघं एकदम ओढा!" काठावरून कुणी तरी ओरडलं.

"एकदम म्हणजे कधी?" मास्तर ओरडले.

"एक म्हटलं की!"

"तुम्ही ह्यांना ओळखता?" बाईंनी विचारलं.

"सुनेचे लोक आहेत. अठरा आहेत."

बाईंनी काठाकडे पाहिलं, मोजल्यासारखं केलं, आणि हात वर करून सगळ्यांना हलवून दाखवला, एखाद्या बोटीच्या कप्तानाने दाखवावा तसा. काठावरून टाळ्या पडल्या. "एक!" माळी ओरडला. दोघांनी ओढलं, आणि होडी पहिल्यांदाच सरळ पुढे गेली, बदकांच्या मधून, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत. तिथे ती वेलीत अडकली, पण तोपर्यंत दोघांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. अर्धा तास ती अडकूनच राहिली. कुणी सोडवायला आलं नाही. येऊ नका असं कुणी तरी बाकीच्यांना सांगितलं असावं.

संध्याकाळी सातला मुलगा घरी आला. बॅग खाली ठेवली, आणि टेबलाशी बसलेल्या बापाकडे पाहून तिथेच थबकला.

"बाबा! हे काय?"

"केस कापले," मास्तर म्हणाले. "बस आधी. पुढच्या रविवारी एक बाई येणार आहेत आपल्याकडे जेवायला. वाचनालयात असतात. पुस्तकं शिवतात. आज आम्ही होडीत बसलो होतो."

एका दमात बोलून झालं. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. ती वाटाणे सोलत होती आणि मान खाली घालून सोलत होती.

"तुला माहीत होतं?"

"साडेअकरापासून," ती म्हणाली.

मुलगा खुर्ची ओढून बसला. चौदा तास गाडी चालवून आलेला माणूस, त्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, हात मांडीवर, शाळेत निकालाच्या दिवशी बसावं तसे. मुलाने हात काढले तेव्हा तो पुन्हा त्यांच्या डोक्याकडेच बघत होता, आणि त्याच्या ओठांची एक कड हलायला लागली होती.

"आपल्याकडे खुर्च्या तीनच आहेत," तो म्हणाला.

"माझी शिलाईची आहे की," मास्तर पटकन म्हणाले.

मुलगा उठला. आतल्या खोलीतून शिवणयंत्रापुढची बुटकी खुर्ची उचलून घेऊन आला, टेबलाच्या चौथ्या बाजूला ठेवली आणि बसून पाहिलं. टेबल त्याच्या छातीपर्यंत आलं. सुनेने त्याच्यापुढे वाटाण्यांचं भांडं सरकवलं. ते त्याच्या हनुवटीला लागलं.

"ही त्यांना नको," मुलगा खालून म्हणाला. "ही मी घेतो."